विद्यार्थी व संशोधकांचे नित्याचे प्रश्न : जालना जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक विवेचन

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी, परतूर व मंठा अशा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झालेल्या या विद्यापीठामुळे मराठवाड्यातील सामान्य कुटुंबांतील मुलामुलींना उच्च शिक्षणाची दारे खुली झाली. तथापि, दार खुले असणे आणि आतील वाट ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या घरात यापूर्वी कोणी पदवीपर्यंत शिकलेले नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातील शंकांइतक्याच व्यवस्थेविषयीच्या शंकाही भेडसावतात. नेट आणि सेट यांत फरक काय, मार्गदर्शक कसा मिळतो, लेख कोठे छापावा, एम.फिल. अद्याप ग्राह्य आहे काय, असे प्रश्न तो वर्गात विचारत नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात, ग्रंथालयाच्या दाराशी किंवा दूरध्वनीवरून विचारतो.

हे प्रश्न वरवर किरकोळ व कार्यालयीन स्वरूपाचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरांवर विद्यार्थ्याच्या आयुष्यातील दोन-चार वर्षे अवलंबून असतात. दुसरे असे की, आपण अध्यापक बहुधा आपल्या उमेदवारीच्या काळातील नियम स्मरून उत्तर देतो आणि दरम्यान नियम बदललेला असतो. उत्तर खोटे नसते, ते जुने असते. विद्यार्थ्याचे नुकसान मात्र तेवढेच होते. म्हणून अशा प्रत्येक उत्तरास नियमाच्या वर्षाची जोड असली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) विद्यार्थी व संशोधकांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) त्या प्रश्नांची उत्तरे संबंधित नियमांच्या वर्षासह मांडणे.
३) या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांच्या जबाबदारीचा विचार करणे.

विषय विवेचन :

१) ‘पदवी तीन वर्षांची घ्यावी की चार?’

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेला पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. त्यामुळे तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडणे अथवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेणे, असे दोन पर्याय विद्यार्थ्यासमोर आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची सोय आहे. तसेच २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार चार वर्षांच्या पदवीस किमान ७५ टक्के गुण असल्यास, पदव्युत्तर पदवीविना पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता मिळते. राखीव प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांस यात ५ टक्क्यांची सवलत आहे.

येथे विद्यार्थ्यास केवळ नियम सांगून भागत नाही. स्पर्धा परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या किंवा लवकर कमावते व्हावे लागणाऱ्या विद्यार्थ्यास तीन वर्षांची पदवी पुरेशी असते. संशोधनाकडे ज्याचा कल स्पष्ट आहे, त्याने चौथ्या वर्षाचा विचार करावा. मात्र आपल्या महाविद्यालयात त्या विषयाचे चौथे वर्ष उपलब्ध आहे की नाही, याची खात्री दुसऱ्या वर्षीच करून घ्यावी.

२) ‘सर, एम.फिल. आता चालते का?’

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, तसा सहकारीही विचारतात. प्रस्तुत लेखक स्वतः एम.फिल. पदवीधारक असल्याने हा प्रश्न त्याच्याकडे अधिक येतो. उत्तर देण्यापूर्वी या पदवीचा प्रवास ध्यानी घ्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००६ मध्ये एम.फिल. धारकांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट दिली. त्या काळात अनेकांनी या आशेने एम.फिल. केले. जुलै २००९ च्या दुरुस्तीने ही सूट संपुष्टात आली आणि २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्यांपुरतीच ती शिल्लक राहिली. पुढे १६ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची ही भूमिका वैध ठरविली. ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रमच बंद केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने या अभ्यासक्रमास प्रवेश न देण्याविषयी विद्यापीठांना पुन्हा बजावले.

म्हणून उत्तर असे : विनियम लागू होण्यापूर्वी रीतसर मिळविलेली एम.फिल. पदवी रद्द झालेली नाही, ती पदवी म्हणून कायम आहे. परंतु केवळ तिच्या आधारे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही आणि नव्याने कोणी प्रवेश देऊ केल्यास तो घेऊ नये. एकाच पदवीविषयी २००७ मध्ये, २०१० मध्ये आणि आज दिलेली तीन उत्तरे वेगवेगळी असून, ती आपापल्या काळी बरोबर होती. उत्तरास वर्ष जोडण्याची निकड यावरून लक्षात यावी.

३) ‘नेट द्यावी की सेट?’

नेट ही राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा असून डिसेंबर २०१८ पासून ती राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. सेट ही राज्यस्तरीय परीक्षा असून महाराष्ट्र व गोव्यासाठी ती पुणे येथील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. दोहोंतील व्यावहारिक फरक तीन आहेत. पहिला, १ जून २००२ नंतरच्या सेटची पात्रता ज्या राज्याची परीक्षा त्या राज्यापुरती ग्राह्य असते, नेटची देशभर असते. दुसरा, कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती केवळ नेटमधून मिळते, सेटमधून नाही. तिसरा फरक माध्यमाचा. भाषाविषय वगळता नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. सेटमध्ये अनेक विषयांच्या प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट केले जातात : छात्रवृत्तीसह सहायक प्राध्यापक पात्रता व पीएच.डी. प्रवेश; सहायक प्राध्यापक पात्रता व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटात आलेल्या विद्यार्थ्याचा ‘मी नेट झालो’ असा समज होतो आणि घरी पेढे वाटले जातात. त्याला अध्यापनाची पात्रता मिळालेली नाही, हे त्याच दिवशी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या व तिसऱ्या गटातील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य असतात, हेही सांगावे.

४) ‘नोकरी करीत पीएच.डी. करता येते काय? किती वर्षे लागतात?’

येथील बहुसंख्य संशोधक शाळेत, खाजगी शिकवणीत किंवा तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असतात. २०२२ च्या विनियमांनी अंशकालीन पीएच.डी.स मान्यता दिली आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासास वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केले जाईल, असा उल्लेख त्या प्रमाणपत्रात असावा लागतो. जाहिरातींतून दिसणाऱ्या दूरस्थ वा ऑनलाइन पीएच.डी.चा मोह मात्र टाळावा. परदेशी संस्थांच्या सहकार्याने खाजगी कंपन्या देऊ करीत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.स मान्यता नाही, असा इशारा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता.

कालावधी किमान ३ वर्षे व कमाल ६ वर्षे असून पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधक आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणारे संशोधक यांना याव्यतिरिक्त २ वर्षांची सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी स्त्री संशोधकांस एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर झाल्यास विहित अटींच्या अधीन राहून आपले संशोधन नव्या ठिकाणच्या संस्थेत नेण्याची तरतूदही आहे. ‘लग्न झाले, आता पीएच.डी. सुटली’ असे मानून नोंदणी सोडून देणाऱ्या विद्यार्थिनी आपल्या पाहण्यात येतात. ही तरतूद त्यांना कोणी सांगितलेली नसते.

५) ‘मार्गदर्शक कसा मिळतो?’

मार्गदर्शकाकडे जागा रिक्त असणे ही पहिली अट होय. २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ संशोधकांना मार्गदर्शन करता येते. निवृत्तीस तीन वर्षांपेक्षा कमी कालावधी उरलेल्या अध्यापकास नवा संशोधक घेता येत नाही. म्हणून मार्गदर्शकाची प्रतिष्ठा विचारण्याआधी त्यांच्याकडील रिक्त जागा, उर्वरित सेवाकाल आणि त्यांनी आपल्या विषयात केलेले लेखन या तीन गोष्टी विद्यार्थ्याने पाहाव्यात. मार्गदर्शकाचे पूर्वीचे प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहता येतात. त्यातील दोन प्रबंध वाचल्याशिवाय मार्गदर्शकाची भेट घेऊ नये, असा सल्ला विद्यार्थ्यास द्यावा. संशोधन हे मार्गदर्शकाचे उपकार नव्हे. तो दोघांचा शैक्षणिक व्यवहार आहे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडणे बंधनकारक असल्याने अडचण आल्यास ती नोंदविण्याचे अधिकृत स्थानही विद्यार्थ्यास उपलब्ध आहे.

६) ‘विषय सुचवा ना, सर!’

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वांत घाईने उत्तर दिला जाणारा हा प्रश्न होय. ‘अमुक लेखकाच्या साहित्याचा चिकित्सक अभ्यास’ किंवा ‘अमुक जिल्ह्यातील योजनांचे मूल्यमापन’ अशा साच्यातील शीर्षक हाती देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः विषय आणि साधने यांचा विचार एकत्र व्हावयास हवा. जालना जिल्ह्यातील काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब घनसावंगी तालुक्यात आहे. परंतु रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह धुळे येथील श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. जांबवर लिहू इच्छिणाऱ्यास धुळ्याला जावेच लागेल. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूतच्या दानलेखांत येथील दात्यांचे उल्लेख येतात. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. त्या अहवालापासून आरंभ न करणारा भोकरदनवरील प्रबंध पायावाचून उभा राहील. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई याच जिल्ह्यात झाली. तिची साधने मराठी दप्तरांत व इंग्रजांच्या पत्रव्यवहारात विखुरलेली आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात असल्याने त्या काळातील महसूल, शिक्षण वा पाणीव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यास उर्दूची किमान ओळख हवी आणि हैदराबादच्या अभिलेखागारात जाण्याची तयारी हवी. त्याआधीच्या मराठी कागदपत्रांसाठी मोडी हवी.

वाणिज्य, अर्थशास्त्र व विज्ञान शाखांनाही येथे विषयांची वाण नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे उद्योग, पोलाद कारखाने, मोसंबीच्या बागा, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, २०१२-१३ च्या दुष्काळातील पाणीटंचाई यांवर संशोधकाच्या गावापासून हाकेच्या अंतरावर क्षेत्रकार्य करता येते. म्हणून विषय मागणाऱ्या विद्यार्थ्यास शीर्षक न देता तीन प्रश्न द्यावेत : याविषयीची मूळ साधने कोठे आहेत? ती वाचण्यास लागणारी भाषा वा कौशल्य तुझ्याजवळ आहे काय, नसल्यास किती दिवसांत शिकशील? आणि तेथवर जाण्यायेण्याचा खर्च तुला झेपेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शीर्षक आपोआप आकारास येते.

७) ‘लेख कोठे छापावा?’

२०२२ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रकाशित करण्याची सक्ती काढून टाकली आहे, तथापि विद्यापीठाचा स्थानिक नियम तपासून घ्यावा. संशोधनपत्रिकांच्या याद्यांचा इतिहासही फिरता आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. मे २०१८ मध्ये त्यातून ४,३०५ नियतकालिके वगळली. जून २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले. यादीऐवजी नियतकालिक पारखण्याचे निकष आयोगाने सुचविले असून पारख करण्याची जबाबदारी आता संस्था व अध्यापकांवर आली आहे.

याचा अर्थ असा की, ‘यादीत आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘हे नियतकालिक लेख खरोखर तपासते काय?’ या प्रश्नाने घेतली पाहिजे. लेख पाठविल्यावर चार दिवसांत स्वीकृतिपत्र आणि सोबत शुल्काची मागणी आली, तर तेथे परीक्षण झालेले नाही हे उघड आहे. संपादक मंडळातील व्यक्तींना आपण त्या मंडळावर आहोत हे ठाऊक आहे काय, मागील अंक पाहावयास मिळतात काय, परीक्षकाचे अभिप्राय लेखकास कळविले जातात काय, एवढे पाहिले तरी बरीच पारख होते. महाविद्यालयांनी प्रकाशित केलेल्या आपल्यासारख्या पत्रिकांनीही हीच कसोटी प्रथम स्वतःला लावावी, हे ओघाने आलेच.

८) ‘किती टक्के साम्य चालते?’

२०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास कमाल ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांस एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळल्या जातात.

परंतु प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. १० टक्के ही चोरीची परवानगी नव्हे. इंग्रजीतून भाषांतरित करून घेतलेला मजकूर यंत्राच्या नजरेतून निसटू शकतो, म्हणून तो संशोधकाचा होत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मजकूर लिहवून घेण्याची प्रथा वाढत आहे. ही साधने अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ आत्मविश्वासाने देतात, हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष दाखवावे. प्रत्येक संदर्भ हातात घेऊन पाहिलेला असावा, हा जुना नियम आज अधिकच मोलाचा ठरतो.

९) ‘पैशाचे काय? आणि पुढे नोकरी?’

विद्यार्थी हा प्रश्न शेवटी विचारतात. तो त्यांच्या मनात मात्र पहिला असतो. नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ छात्रवृत्तीची ४२,००० रुपये झाली. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा व अटी दरवर्षीच्या जाहिरातीनुसार ठरतात, त्यामुळे मागील वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नये.

नोकरीविषयी बोलताना खोटी आशा दाखवू नये. विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची २०१८ ची तरतूद आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतली गेली. त्या दुरुस्तीनुसार नेट वा सेट ही किमान पात्रता ठरली. परंतु पात्रता म्हणजे नियुक्ती नव्हे. पात्रताधारक अनेक वर्षे तासिका तत्त्वावर काम करीत राहतात आणि त्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते, हे वास्तव विद्यार्थ्यास प्रवेशापूर्वीच कळले पाहिजे. हे सांगितल्याने तो खचेल, ही भीती अनाठायी आहे. वास्तव जाणून संशोधनात येणारा विद्यार्थी टिकतो, शिवाय उपजीविकेची दुसरी वाटही वेळीच आखून ठेवतो.

अध्यापकांसाठी काही सूचना :

१) प्रत्येक विभागाने वरील प्रश्नोत्तरांचे दोन पानी टिपण मराठीत तयार करावे. प्रत्येक उत्तरापुढे नियमाचे वर्ष लिहावे आणि जून महिन्यात ते तपासून सुधारावे.
२) विद्यार्थ्यास तोंडी उत्तर देताना मूळ परिपत्रक दाखवावे. परिपत्रक वाचावयास शिकलेला विद्यार्थी पुढील वर्षी स्वतः उत्तर शोधतो आणि धाकट्या भावंडांनाही सांगतो.
३) उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगून दोन दिवसांची मुदत घ्यावी.
४) विद्यार्थिनी व अंशकालीन संशोधक यांच्यासाठीच्या तरतुदी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्याव्यात.

समारोप :

विद्यार्थी व संशोधकांचे नित्याचे प्रश्न हे अभ्यासबाह्य नसून उच्च शिक्षणाच्या व्यवहाराचा भाग आहेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी विद्यापीठाची भाषा जाणणारे कोणी असते, त्याला ही माहिती जेवताना सहज मिळते. मंठा वा जाफराबादच्या खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यास ती केवळ अध्यापकाकडूनच मिळू शकते. २००६ ते २०२५ या काळात एम.फिल., नेट, पीएच.डी. व संशोधनपत्रिका या चारही बाबींचे नियम एकाहून अधिक वेळा बदलले. अशा स्थितीत स्मरणाने दिलेले उत्तर, ते कितीही सद्भावनेने दिलेले असो, अपुरे ठरते. नियमाचे वर्ष, मूळ परिपत्रक आणि वास्तवाची स्पष्ट कल्पना या तिन्हींसह दिलेले उत्तर विद्यार्थ्याची वर्षे वाचविते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाच्या मोजदादीत या उत्तरांना कोणताही गुणांक नाही, तरी ते काम त्याच्या अध्यापनाचेच एक अंग होय, असे नमूद करावेसे वाटते.